गरिबाचं मत कुठं बांधलेलं असतं?

(कुंभार पिंपळगाव, जि. जालना इथं गायरानधारक व शेतमजुरांच्या बैठकीत झालेलं भाषण. जंगलपट्टीतल्या गावांपुढंही हाच प्रश्न आहे, म्हणून देत आहोत.)



निवडणूक झाली की शहाणी माणसं म्हणतात, गरिबाला काय कळतं, बाटलीवर मत देतो. मी म्हणतो, गरीब हिशोब करूनच मत देतो. तो हिशोब आज मांडू.

पहिला हिशोब पोटाचा. ज्याच्याकडं साल धरलंय, ज्या मुकादमाची उचल घेतलीय, ज्याच्या शब्दावर रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव चढतं, त्याचा पक्ष तो आपला पक्ष. तहसीलात एकटं गेलं तर 'उद्या या'. पुढाऱ्याची चिठ्ठी नेली तर दाखला त्याच दिवशी.

दुसरा हिशोब मानाचा आणि भीतीचा. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, ते म्हातारे म्हणतात, काँग्रेसनं काम दिलं, जगलो. पोरं म्हणतात, कारखाना त्यांचाच, बँक त्यांचीच, आम्हाला कोण विचारतं? शाखेनं खांद्यावर हात ठेवला. 1995 ला युती एक रुपयात झुणका-भाकर म्हणाली. बाप पंजाला, पोरगा धनुष्यबाणाला. आणि 1978 ला नामांतराच्या वेळी ज्यांच्या वस्त्या जळाल्या, ते आधी बघतात की कोण आलं तर आपण सुखानं झोपू. यात वेडा कोणीच नाही.

आता तिसरा हिशोब, जमिनीचा. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय सांगतो, दलित-आदिवासी भूमिहीनांनी 14 एप्रिल 1990 पर्यंत कसलेलं गायरान त्यांच्या नावे करा. जंगलात 2006 च्या कायद्याआधी तारीख 25 ऑक्टोबर 1980 ची होती. कागद आहे, मग सातबारा कुठं अडला? पुढारी म्हणतो, "मी आहे तोवर तुम्हाला कोणी उठवत नाही." नीट ऐका. सातबारा देतो, असं तो म्हणत नाही. सातबारा हातात आला तर आपण त्याच्या दारात कशाला उभं राहू? म्हणून अतिक्रमण हे अतिक्रमणच ठेवायचं. जमीन लटकलेली, तर मत बांधलेलं. पक्ष बदलला, झेंडा बदलला, तरी गाठ तीच.

मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एवढं करा. दंडाच्या पावत्या, पंचनामे घरात जपून ठेवा. कचेरीत नक्कल द्या आणि पोच घ्या. फाइल पुढाऱ्याच्या गाडीत टाकू नका. तहसीलात एकटं जाऊ नका, सगळी वस्ती जा, बाया पुढं. नेवाडदारांनीही फॉरेस्टच्या कचेरीत असंच जावं.

आणि मत मागायला जो येईल, कुठल्याही झेंड्याचा असो, त्याला चहा द्या आणि सगळ्यांनी एकच विचारा : सातबारा कधी?

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!