सुटींतली पंगत



वार्षिक परीक्षा संपली कीं मुलें आनंदानें ओरडत शाळेबाहेर पडतात. ३६ वर्षें मीं हें दृश्य पाहिलें. परंतु शाळेंत दुपारची खिचडी सुरू झाल्यापासून, त्या दिवशीं दोनचार मुलें मागें रेंगाळतात, हें माझ्या ध्यानांत येऊं लागलें. त्यांची चूल उद्यांपासून बंद होणार असे.

शिजविलेलें अन्नच द्यावें, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं दिला. दुष्काळी भागांत तें उन्हाळ्याच्या सुटींतहि द्यावें, असें ता. २० एप्रिल २००४ रोजीं सांगितलें. ता. १३ मे २०१६ रोजीं त्याचा पुनरुच्चार करून आठवड्यांतून पांच दिवस, निदान तीन दिवस, अंडें अथवा दूध वा तत्सम पौष्टिक पदार्थ द्यावा, असेंहि म्हटलें. आदेश उत्तमच, पण तो दुष्काळाच्या घोषणेला बांधलेला आहे. पाऊस बरा झाला म्हणून मजुराच्या घरीं वैशाखांत कणगी भरलेली असते काय?

लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें, तो २०१६ चा उन्हाळा. मी त्याच जिल्ह्यांत एका खेड्यांत होतों. उन्हामुळें पंगत सकाळींच बसे. वर्ग भरत नसतां केवळ जेवावयास जाणें मोठ्या मुलांस लाजिरवाणें वाटे. म्हणून मीं आधीं तासभर गोष्टी सांगूं लागलों. मग तींहि येऊं लागलीं.

चौथींतली एक मुलगी एके दिवशीं डबा घेऊन आली. "गुरुजी, धाकट्यासाठीं थोडी नेऊं का?" भाऊ दोन वर्षांचा. जेवण शाळेंतच व पटावरील मुलांसच, असा नियम. मीं नको म्हटलें. तिनें मुकाट्यानें डबा दप्तरांत ठेवला. दुसऱ्या दिवशीं ती आली नाहीं, तिसऱ्याहि नाहीं. घरीं गेलों, तेव्हां आई म्हणाली, "त्याला टाकून तिच्या घशाखालीं उतरत नाहीं, गुरुजी."

तपासणीला माणूस येतो, हिशेब द्यावा लागतो. नियम करणारांस मी दोष देत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र भावाला कडेवर घेऊनच ये, असें तिला सांगितलें. स्वयंपाकाच्या बाईंनीं कांहीं न विचारतां एक ताटली जास्त मांडली. वहींत मीं तिची नोंद केली नाहीं.