धर्मगुरूंची कात्री
(नरसी नामदेव येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कयाधूकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव शिंप्याच्या घरात जन्मले. कापड मोजणे, बेतणे आणि शिवणे हा त्यांच्या कुळाचा व्यवसाय. याच जिल्ह्यातील औंढ्या नागनाथापुढे ते कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूस घालविले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी एवढे उरते की, गावाला वस्त्रे शिवून देणाऱ्याने देवापुढे कोठे उभे राहावे, हे ठरविणारा दुसराच कोणी होता. भाविकाने काय नेसावे, हेही बहुधा तोच ठरवीत आला आहे. शिंप्याच्या गावी या दुसऱ्या कात्रीविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

उदाहरण ख्रिस्ती धर्माचे घेतले आहे. शेजाऱ्याच्या धर्मावर बोट ठेवून समाधान मानण्यासाठी ते घेतलेले नाही, हे पुढे दिसेलच.

ख्रिस्ती धर्मात स्त्रियांच्या शालीन वेषाचा आधार म्हणून जे वचन वारंवार सांगितले जाते, ते पौलाच्या नावावर असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. ते नीट वाचावे. स्त्रियांनी मर्यादशील वेष करावा असे सांगून लेखक लगेच कशाकशाचा निषेध करतो? केसांच्या सजावटीचा, सोन्याचा, मोत्यांचा आणि मोलवान वस्त्रांचा. बाही किती लांब असावी याविषयी तेथे अवाक्षर नाही. म्हणजे वचनाचा रोख संपत्तीच्या प्रदर्शनावर आहे. धर्मगुरूंनी मात्र पुढे तो रोख शरीराकडे, आणि त्यातही गरिबाच्या शरीराकडे वळविला. सोने-मोती शिल्लक राहिले.

गोव्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लिन्शोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता, आणि तोही आर्चबिशपच्या पदरी लेखनिक म्हणून. पोर्तुगीज घरांतील स्त्रिया घरी आरपार दिसेल इतका तलम ‘बाजू’ घालीत आणि चर्चला जाताना सोन्यामोत्यांनी मढून पालखीतून जात, असे त्याने लिहून ठेविले आहे. पौलाने निषिद्ध मानलेली यादी जणू चर्चच्या दारापर्यंत मिरवीत नेली जात होती.

याच सुमारास धर्मगुरूंच्या स्वतःच्या वेषाचाही प्रश्न उपस्थित झाला. जेझुइट पाद्री रॉबर्टो दी नोबिली १६०६ साली मदुरेला गेला. उच्चवर्णीयांना धर्मांतरित करण्यासाठी त्याने संन्याशाची भगवी वस्त्रे आणि जानवे धारण केले. गोव्यात १६१९ साली त्यावर धर्मपरिषद भरली, आर्चबिशपने विरोध केला. पण अखेर १६२३ साली पोपने जानवे, शेंडी आणि गंध यांना काही अटींवर मान्यता दिली. पाद्र्याने ब्राह्मणाचा वेष केल्यास ते धर्मकार्य ठरते, एवढे रोमला पटले.

आता पुढचा आदेश पाहा. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्याची मनाई केली. दारात तुळस लावणे आणि हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजविणे हेही त्याच आदेशाने गुन्हे ठरले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सर्व तपशील दिला आहे. चोळी ही अंग झाकणारी वस्तू आहे, याचा विचार शालीनतेच्या रक्षकांना शिवलाही नसावा. शिवाय यात एक साधे अर्थशास्त्र आहे. धोतर हे न शिवलेले वस्त्र. बापाचे विरल्यावर मुलाचे होते, त्याचेही फाटले की गोधडीत जाते. बेतून शिवलेल्या कपड्याला शिंपी लागतो, मजुरी लागते, आणि तो एकाच अंगाला बसतो. कुळंब्यावर लादलेला वेषाचा नियम हा एक करच असतो, फक्त तो सरकारी वहीत लिहिला जात नाही.

त्रावणकोरात नेमके उलट चित्र दिसते. तेथे नाडार स्त्रियांनी छाती झाकू नये असा सवर्णांचा दंडक होता. नायर स्त्रीनेही नंबुद्रीपुढे वरचे वस्त्र उतरविणे हाच आदर समजला जाई. लंडन मिशनच्या मिशनऱ्यांनी धर्मांतरित नाडार स्त्रियांना सैल जाकीट दिले. शालीनतेचा प्रश्न तेथेच संपायला हवा होता. परंतु त्या स्त्रियांना उच्चवर्णीयांसारखे उत्तरीय हवे होते. ३ फेब्रुवारी १८२९ च्या जाहीरनाम्याने जाकीट चालेल, उत्तरीय नको, असे फर्मावले. १८५८-५९ मध्ये दंगली झाल्या, घरे आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली. मग २६ जुलै १८५९ रोजी सर्व नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, पण जाडेभरडे कापड चालेल आणि उच्चवर्णीय स्त्रियांसारखे मात्र नेसता येणार नाही, ही मेख ठेवूनच. झाकावे की उघडे ठेवावे हा वाद नव्हता. बरोबरीने नेसावे की नाही हा होता.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्म स्वीकारला, पण पांढरे लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. त्यांच्या पालक झालेल्या जोगिणीला त्यात अहंकार दिसला. येशूवर श्रद्धा ठेवणे आणि इंग्रज मडमेसारखे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बाईंना जितके स्वच्छ कळले तितके कित्येक बिशपांना कळले नाही.

येथे एक आक्षेप येईल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनीही स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हे सांगितलेच होते ना? होय, सांगितले होते. जातीची खूण ठरलेली नेसण्याची पद्धत आणि तसलेच दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असे ते म्हणाले. आणि लगोलग स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली. पुरुषाने स्त्रीला वेष सांगावा का, हा प्रश्न तरीही विचारावा. पण तेथे दंड नव्हता, दारावर पहारेकरी नव्हता, आणि सांगणाऱ्याने स्वतःच्याच समाजाच्या अंगावरची गुलामीची खूण पुसायला घेतली होती. हा फरक लहान नाही.

आता आपल्या घराकडे वळू. डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीला सभ्य पोशाखाचे फलक लागले. मे २०२३ मध्ये तुळजापूरला ‘अंगप्रदर्शक’ कपड्यांना बंदी जाहीर झाली आणि ओरड होताच त्याच दिवशी ती मागे घेण्यात आली. सोवळे नेसून उघड्या अंगाने गाभाऱ्यात वावरणाऱ्या पुजाऱ्याला हा शब्द कोणी लावला नाही. असे फलक उद्या आपल्या भागातही लागतील. तेव्हा कार्यकर्त्यांनी विश्वस्तांना तीनच गोष्टी विचाराव्यात: हा नियम कोणत्या बैठकीत आणि कोणाच्या मताने झाला, त्या बैठकीत स्त्रिया किती होत्या, आणि सोन्याने मढून मोटारीतून येणाऱ्या यजमानाला तो कसा लागू होणार आहे.