मूठभर फल्लीदाणे आणि आपले हृदय

(रायपूर येथे रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नव्हे, तुमच्यासारखेच नोकरदार आहोत. तरीही आज महागाई भत्ता आणि बढतीचे प्रश्न बाजूला ठेवून खाण्याविषयी बोलणार आहोत. रनिंग स्टाफची वैद्यकीय तपासणी जवळ आली की घरात काय वातावरण असते, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. हृदयाचा दोष निघाला तर इंजिनावरून खाली उतरावे लागते आणि किलोमीटरचा भत्ता जातो तो वेगळाच.

डाकेतल्या बंधूंनीही निश्चिंत राहू नये. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचा जिना दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार अधिक आढळला. टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावरच्या कारकुनाला अधिक. आज आपल्यापैकी बहुतेकांचे काम बसूनच चालते. ड्यूटीचे तास आपल्या हातात नाहीत; पण चहाबरोबर तोंडात काय टाकायचे, ते आहे. स्टेशनबाहेरचा समोसा, भजी आणि रात्रपाळीतली बिस्किटे यांच्या जागी काय खावे?

डॉक्टर सांगतात, बदाम-अक्रोड खा. ऐकणारा मान डोलावतो आणि गोलबाजारात भाव विचारून रिकाम्या हाताने परत येतो. आमचे म्हणणे एवढेच की त्या दुकानाशेजारी पोत्यात फल्ली भरलेली असते, तिच्याकडे पाहा. नागपूरपासून रायपूरपर्यंत आपण जिला फल्ली म्हणतो, तोच पुण्याकडचा शेंगदाणा. शास्त्राप्रमाणे ती डाळवर्गातली. पण तिच्यातली चरबी, प्रथिने आणि चोथा सुक्या मेव्याच्या जवळचे आहेत.

ही मनची गोष्ट नव्हे. २०१५ साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील बहुतांशी गरीब गोऱ्या-काळ्या लोकांची आणि चीनमधल्या शांघाय शहरातल्या लोकांची मिळून दोन लाखांहून अधिक माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. हे लोक बदाम खाणारे नव्हते. त्यांच्या सुक्या मेव्यात मोठा वाटा शेंगदाण्याचाच होता. जे सर्वांत जास्त खात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी दिसले आणि त्यात हृदयविकाराचे मृत्यूही होते. दाणे खाणारा माणूस इतर बाबतीतही जपून राहत असेल, ही शंका रास्त आहे. अशा पाहणीने ती पुरती फिटत नाही. म्हणून स्पेनमधला प्रयोगही सांगतो. हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांच्या एका गटाला त्यांच्याकडच्या भाजी, फळे, मासे यांच्या आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले. गट पाडण्यात काही चुका झाल्याने २०१३ चा अहवाल मागे घेऊन २०१८ मध्ये सुधारून छापावा लागला. तरी झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमीच निघाले. चूक कबूल करून पुन्हा हिशेब मांडणाऱ्यांवर आमचा विश्वास अधिक बसतो.

हे घडते कसे? दाण्यातली चरबी मुख्यतः असंपृक्त. डालडा-सामोशातल्या चरबीच्या जागी ती आली की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरते. धमनीच्या भिंतीत साचणारा थर त्याचाच. शिवाय दाण्यात आर्जिनिन नावाचा घटक असतो. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. ‘जागी’ हा शब्द मात्र ध्यानात ठेवा. समोसा खाऊन वर दाणे खाल्ले तर पोटच वाढेल, कारण ३० ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात. एक मूठ, तीही आपलीच, आठवड्यातून पाच-सहा दिवस.

मिठाचे काय? पूर्वी बस्तरच्या बाजारात व्यापारी आदिवासींना मीठ देऊन त्या बदल्यात मोलाची चारोळी घेऊन जात. तो लुटीचा सौदा होता. आज आपण खाऱ्या दाण्यांची पुडी फोडतो तेव्हा चांगल्या मेव्यावर स्वतःच मीठ ओततो. रक्तदाब असणाऱ्याने ती पुडी घेऊच नये. बिनमिठाचे दाणे घरी मंद आचेवर भाजावेत, वाटल्यास थोडा गूळ सोबत. बुरशी धरलेला, काळपट किंवा कडू दाणा फेकून द्यावा. त्यातले अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते, आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. पावसाळ्यात डबा घट्ट बंद ठेवा. कोणाला दाण्याने अंगावर गांधी उठत असतील, घसा आवळत असेल, तर त्यांनी हा सल्ला ऐकू नये.

आणखी एक. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे, त्यांनी दाण्यांच्या भरवशावर गोळी सोडायची नाही. छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर गॅस म्हणून पडून राहू नका. १०८ ला फोन करा.

रनिंग रूममध्ये आणि कॅन्टीनमध्ये तळलेल्या पदार्थांबरोबर भाजलेले बिनमिठाचे दाणेही ठेवावेत, ही मागणी पुढच्या पी.एन.एम. बैठकीसाठी लिहून द्यायची आहे. सही करण्याचा कागद दाराजवळच्या टेबलावर आहे.