राखून ठेवलेले ट्रम्पेट

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावचा. नाताळ तोंडावर आलाय, म्हणून आज एका नाताळच्या संगीताबद्दल बोलणार आहे. जॉर्ज फ्रेडरिक हँडेल या संगीतकाराची ‘मसाया’ ही रचना आणि तिचं एक ध्वनिमुद्रण. चार एकल गायक, क्वायर म्हणजे समूहगायकांचा ताफा आणि साथीला वाद्यवृंद. सगळं मिळून अडीच तासांच्या आतबाहेर. डिसेंबर लागला की हे ध्वनिमुद्रण मी काढतोच, आणि दरवर्षी एकाच जागेची वाट बघत ऐकतो. ती जागा आज तुम्हाला दाखवायची आहे.

आधी एवढंच लक्षात ठेवा, की या रचनेत ट्रम्पेट उशिरा येतात. फार उशिरा येतात.

रचनेचे तीन भाग आहेत आणि नाताळचा मजकूर पहिल्या भागात आहे. सुरुवातीला तंतुवाद्यांचं एक गंभीर वादन होतं. मग टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला पुरुषाचा आवाज, लोकांना धीर देतो. क्वायर येते. खर्जातला गायक येतो आणि अंधारात चालणाऱ्या लोकांबद्दल गातो. तिथे व्हायोलिनं आणि खालची तंतुवाद्यं एकच स्वरावली धरून अशी चालतात, की पाऊल कुठे पडतंय याचा त्यांनाही भरवसा नसावा. मग बाळ जन्मल्याची बातमी देणारा समूहगानाचा भाग येतो, हलका आणि धावता. एव्हाना अर्धा तास उलटून गेलेला असतो. आनंदाची बातमी सांगून झाली, आणि तरी एकही ट्रम्पेट वाजलेला नाही. वादक वाद्य मांडीवर घेऊन बसून आहेत.

आणखी एक गोष्ट. चार एकल गायकांपैकी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाची गायिका, तीही अजून एकटी अशी गायलेली नाही. बाकी तिघांची गाणी झाली, ती बसूनच आहे.

आता ती जागा. वाद्यवृंद एकदम निवांत होतो. हँडेलने या तुकड्यावर ‘पीफा’ असं लिहिलंय. नाताळच्या दिवसांत इटलीच्या डोंगरांतले मेंढपाळ रोम शहरात उतरायचे आणि सनईच्या जातीची वाद्यं आणि चामड्याच्या पिशवीचा बाजा वाजवत रस्त्यांतून फिरायचे. त्यांना ‘पिफेरारी’ म्हणत. तरुण हँडेल १७०७ च्या सुमारास रोममध्ये होता. तीसेक वर्षांनी लंडनमध्ये बसून हा तुकडा लिहिताना त्याने त्यांच्याच वाद्यांचं नाव त्याला दिलं. खाली एक स्वर तंबोऱ्यासारखा सतत धरलेला आणि वर डुलत जाणारी धून. रात्र आहे, रान आहे, मेंढपाळ जागलीला बसलेत.

जागल म्हणजे काय ते महागाव, पुसद, उमरखेडच्या श्रोत्यांना मी काय सांगू! डिसेंबरात हरभरा आणि गहू रानात उभे असतात. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीची. रोही आणि रानडुकरं कधी शिरतील याचा नेम नाही. मी हा तुकडा घरात बसूनही ऐकला आहे आणि पाणी देताना बांधावर बसून, कानाला यंत्र लावूनही ऐकला आहे. रानात ऐकलेला जास्त कळला.

तर मेंढपाळ बसलेत, आणि सोप्रानो उभी राहते. तिचे चार छोटे तुकडे आहेत, प्रत्येक अर्ध्या-एक मिनिटाचा. पहिला तुकडा अगदी साधा, खाली जेमतेम आधाराचे स्वर. रानात मेंढपाळ होते, एवढीच माहिती. दुसऱ्यात देवदूत येतो आणि व्हायोलिनं हलायला लागतात, पंखांची हालचाल ऐकू यावी तशी. तिसऱ्यात देवदूत बोलतो, आणि व्हायोलिनं पुन्हा गप्प. भिऊ नका, असं सांगताना हँडेलने सगळी सजावट काढून घेतली आहे. चौथ्यात एकाएकी देवदूतांचा मोठा समुदाय दिसतो आणि व्हायोलिनं आधीपेक्षा जास्त लगबगीने थरथरतात. साधं, सजवलेलं, साधं, सजवलेलं. चार पायऱ्या चढवून तो आपल्याला वर आणतो.

आणि मग क्वायर. आणि मग, श्रोतेहो, ट्रम्पेट!

इथे कोणालाही वाटेल की इतका वेळ राखून ठेवलेले ट्रम्पेट आता दणक्यात वाजतील. हँडेलने स्वतःच्या हस्तलिखितात त्या ठिकाणी इटालियन भाषेत सूचना लिहून ठेवली आहे: दूरवरून आणि थोडं हळू. पाऊण तासाच्या वाटेवर पहिल्यांदा वाजणारं वाद्य, आणि त्याला सांगितलंय की लांबून वाज. कारण देवदूत आकाशात आहेत आणि ऐकणारे जमिनीवर. ते अंतर आवाजात ऐकू आलं पाहिजे.

त्याच्या पुढे ऐका. परमेश्वराचा गौरव वर आकाशात, असे शब्द आहेत, आणि ते गाताना फक्त वरचे आवाज आहेत. बायकांचे दोन्ही आवाज आणि टेनर. खर्जातले गायक गप्प आणि खालची वाद्यंही गप्प. संगीताला तळच नाही, सगळं अधांतरी. मग पृथ्वीवर शांती हे शब्द येतात, आणि पुरुषांचे आवाज खालच्या तंतुवाद्यांबरोबर एकाच स्वरात जमिनीवर उतरतात. वर आकाश, खाली पृथ्वी. भाषा कळली नाही तरी कुठे आकाश आहे आणि कुठे माती, हे कानाला कळतं. शेवटी आवाज विरत जातात, ट्रम्पेट थांबतात, व्हायोलिनं हळू होत होत संपतात. देवदूत निघून गेले. हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं.

मला या संगीताची ओढ लागली ती याच जागेमुळे. यवतमाळला शिकायला असताना एका शिक्षकांनी कॅसेट दिली होती. मला इंग्रजी बेताचं येत होतं आणि पाश्चात्त्य संगीत अजिबात कळत नव्हतं. पण ट्रम्पेट लांब आहेत हे कळलं. ते लांब का आहेत याचा शोध घेत घेत बाकी सगळं शिकलो.

आता इतिहास थोडक्यात. हँडेलचा जन्म १६८५ चा, जर्मनीतला. आयुष्य बरंचसं लंडनला गेलं. चार्ल्स जेनेन्स नावाच्या मित्राने बायबलमधली वचनं निवडून शब्दांची बांधणी केली आणि हँडेलने १७४१ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, तीन-साडेतीन आठवड्यांत, सगळं संगीत लिहून काढलं. त्याच्या चरित्रात ऑपेराच्या कंपन्यांची भांडणं बरीच आहेत, ती मी सोडून देतो.

पण पहिला प्रयोग सोडून देता येत नाही. तो झाला आयर्लंडमध्ये, डब्लिन शहरात, १७४२ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे नाताळला नव्हे, ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत. नाताळशी याचं नातं नंतर जुळलं. गर्दी इतकी होणार होती, की बायकांनी घेरदार सांगाड्याचे झगे घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी लटकवून येऊ नये, अशी विनंती आधीच छापली गेली. आणि पैसा कशासाठी जमवला? दोन रुग्णालयांसाठी, आणि कर्ज फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेल्या माणसांसाठी. त्या काळी तिकडे कर्ज थकलं की कैद व्हायची. त्या एका प्रयोगाच्या पैशातून दीडशेच्या आसपास माणसं सुटली.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्ज म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा त्याने कर्जबाजारी माणसं घरी पोचवली. पुढे १७५० पासून लंडनच्या अनाथ मुलांच्या संस्थेसाठीही दरवर्षी त्याचे प्रयोग होत राहिले.

मी ऐकतो ते ध्वनिमुद्रण १९६६ चं. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि त्यांची क्वायर, संचालक कॉलिन डेव्हिस, कंपनी फिलिप्स. सोप्रानो हेदर हार्पर, तीही आयर्लंडच्या मातीतली, बेलफास्टची. त्याआधी शंभर वर्षं इंग्लंडात हे संगीत अवाढव्य होत गेलं होतं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारोंच्या संख्येने गायक उभे करायचे. इतक्या आवाजांत ते लांबचे ट्रम्पेट लांब कसे राहणार? डेव्हिसने गायक मोजके घेतले, चाल हलकी ठेवली. त्यामुळे आवाजाचा प्रत्येक पदर वेगळा दिसतो. यापेक्षा जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरची ध्वनिमुद्रणं नंतर पुष्कळ आली आणि ती चांगली आहेत. पण हार्पर जेव्हा पहिला साधा तुकडा म्हणते, तेव्हा ती गाते आहे असं वाटत नाही, काय घडलं ते सांगते आहे असं वाटतं. म्हणून मी इथेच थांबलो.

हे सगळं साता समुद्रापलीकडचं, असं मात्र समजू नका. मुंबईत १९५६ च्या सुमारास व्हिक्टर परांज्योती यांनी एक क्वायर उभी केली, परांज्योती अकॅडमी कोरस. परांज्योती हे आकाशवाणीचे अधिकारी, म्हणजे जिथून मी बोलतोय त्याच घरातले. आपापली नोकरी-धंदा सांभाळून तालमीला येणारी माणसं त्यांनी जमवली आणि चार आवाजांत गायला शिकवली. १९६७ मध्ये ते गेल्यावर कूमी वाडिया यांनी ही क्वायर हातात घेतली आणि पुढे कित्येक दशकं सांभाळली. वनराज भाटियांसारख्या आपल्या संगीतकारांनी तिच्यासाठी लिहिलं.

आणि यवतमाळ? आपल्या जिल्ह्याच्या गावीच १९५३ पासून तीसेक वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था, होती, देशभरातून मुलं शिकायला येत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. मराठी चर्चमध्ये मात्र गाण्याची वाट वेगळी पडली. रेव्हरंड ना. वा. टिळक राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका परक्या माणसाला भेटले, त्याने बायबल वाचायला सांगितलं, आणि १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ताची गाणी अभंगात बांधली, आपल्या चालीत, पेटी-तबल्यावर म्हणण्यासाठी. ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची दोनशेच्या वर गाणी आहेत. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहून गव्हाणीतल्या बाळाची कथा मराठीत आणली होती. आपल्याकडे सगळे मिळून एकच सूर धरतात, तिकडे चार आवाज चार वाटांनी जातात आणि एका ठिकाणी भेटतात. दोन्ही ऐकावेत. मी दोन्हींत रमतो.

आता जे हरवत चाललंय, त्याबद्दल थोडं. मोबाइलवर ‘मसाया’ शोधलं की पहिल्यांदा ‘हालेलुया’ समोर येतं. चार मिनिटांचा तुकडा, जोरदार, ढोल आणि ट्रम्पेटसकट. तो सुंदरच आहे. पण तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, नाताळच्या मजकुरात तो नाही. आणि त्यातल्या ढोलांची गंमत अशी, की तेही तोवर एकदाही वाजलेले नसतात. हँडेलने तेही राखून ठेवलेत! तुकडाच ऐकला तर हे कळणार कसं? मघापासून मी तेच सांगतोय. ट्रम्पेट उशिरा येतात. जो सुरुवातीपासून बसला, त्यालाच त्यांचं येणं ऐकू येतं. आपण सगळं मधूनच उचलून ऐकायला लागलो आहोत, आणि वाट बघण्यात जे सुख आहे ते त्यात निघून जातंय.

दुसरी गोष्ट माणसांच्या आवाजाची. नाताळच्या कार्यक्रमात आता बरेचदा पेनड्राइव्हवरचा ट्रॅक वाजतो आणि एक जण माइक धरून गातो. बाकीचे ऐकतात किंवा फोटो काढतात. हे एका धर्माचं नाही. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजन आणि सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या गावागावांत नेली, सगळ्यांच्या तोंडून. आमच्या भागातल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गायली जाते, तीही सगळ्यांनी मिळून. तिथेही आता मोठे स्पीकर आलेत. ट्रॅक कधी चुकत नाही, खरं आहे. पण तो शेजारच्या माणसाचा श्वास ऐकून थांबत नाही आणि कुणाला सांभाळून घेत नाही. गावाने एकत्र गायचं सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

वेळ संपत आली, म्हणून आता कामाचं सांगतो. यंदा २४ डिसेंबरच्या रात्री ‘मसाया’चा फक्त पहिला भाग लावा. तासाभराचा आहे. हेच ध्वनिमुद्रण हवं असं काही नाही, कुठलंही चालेल. फक्त पहिल्या स्वरापासून लावा आणि पुढे ढकलू नका. मेंढपाळांची धून आली की ओळखाल. त्यानंतरचे चार छोटे तुकडे मोजा, एक साधा, एक सजवलेला, पुन्हा साधा, पुन्हा सजवलेला. मग कान लांब लावा. आणि दुसऱ्या दिवशी गावात चर्च असेल, भजनी मंडळ असेल, शाळा असेल, तिथे निदान एक गाणं ट्रॅक बंद करून सगळ्यांनी मिळून म्हणा.