वण कुणाच्या वाट्याला?

धनजच्या या परिषदेत अध्यक्षाने वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो आढावा छापून वाटला आहे, घरी निवांत वाचावा. आज बोलणारा माणूस सव्वीस वर्षं फिजिओथेरपी करतो आहे आणि तितकीच वर्षं एक गोष्ट त्याला सलते आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनच्या वणाला कुणी वाली नाही.

टाके निघाले की सर्जन मोकळा. रेडिएशनचा शेक संपला की तो विभागही मोकळा. पेशंटच्या हाती सुट्टीचा कागद पडतो. त्यावर गोळ्यांच्या वेळा असतात, पुढची तारीख असते, वणाबद्दल बहुतेक वेळा अक्षरही नसतं.

आणि वणाचं काम तर तिथूनच सुरू होतं. कातडी आतल्या थरांना चिकटते. स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेत दोरी ताणल्यासारखं होतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हात सुजू शकतो, कधी कधी काही वर्षांनीही. आपल्या वऱ्हाडात तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडातून सुटत नाही, म्हणून जबड्याची ऑपरेशनंही कमी नाहीत. त्यानंतर तोंड आखडतं. तीन बोटं उभी आत जायला हवीत, तिथे एक जात नाही आणि भाकर तुकडे करूनही खाता येत नाही. अशा वेळी आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि तोंड हळूहळू उघडत न्यायचं. हा उपाय कुणालाही परवडतो, फक्त कुणीतरी सांगावा लागतो.

सकाळच्या सत्रात सिलिकॉनची पट्टी बरी की हाताने मालिश बरी, यावर तासभर वाद झाला. पट्टीने वण कमी फुगतो, हे खरं. पण चिकटलेली कातडी सोडवायला बोटंच लागतात.

कापूस वेचणारी एक बाई या फिजिओथेरपिस्टकडे आली होती. म्हणाली, "हात वरते जाऊनच नाही राहिला, भाऊ." ऑपरेशनला सहा महिने झाले होते. तिने वण एकदाही पाहिला नव्हता, डोळे मिटून अंघोळ करायची. घरात तिचं ताट वेगळं होतं, कारण जावेला वाटायचं की हा रोग लागतो. तो लागत नाही, हे दोघींना समोरासमोर बसवून सांगितलं. मग जावेलाच शिकवलं: जखम पूर्ण भरली आहे याची खात्री करायची, बोटाला थोडं तेल घ्यायचं, वणावर हळू गोल फिरवायचं, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. नवी गाठ किंवा लाली दिसली तर थेट डॉक्टर. चार महिन्यांनी बाई वलणीवर लुगडं वाळत घालू लागली. ताट कधी एक झालं, ते कुणी सांगितलं नाही. वाद कुणाला चालवायचा असेल तर चालवावा, हा माणूस त्या जावेच्या बाजूने आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. फार मोठं काम. पण नोंदणी रोग मोजते, मृत्यू मोजते. वाचलेल्या बाईचा हात कुठवर जातो, ते मोजणं तिचं काम नाही. ते आपलं होतं, आणि आपण केलं नाही.

शेंडगाव इथून दूर नाही. तिथे जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे पेशंट उतरतात. अशा ठिकाणी शेजारच्या चटईवरची बाईच सांगते की माझाही हात असाच होता. पेशंट गावी परतला की ही शेजारीण तुटते. गावात ती कोण होणार?

महिन्यातली एक दुपार, एक खोली, एक आरसा, तेल आणि काड्या, एवढ्यावर धनजमध्ये सुरुवात व्हावी. आशाताई, बचत गट, निवृत्त परिचारिका, कोण येतं ते पाहू. खोली कुठली, खर्च कुणाचा, हे जेवणानंतर बसून ठरवू.

ती जाऊ मागच्या रांगेत बसली आहे. दुपारच्या सत्रात मालिश तीच दाखवेल. तिच्यासाठी पुढे एक सतरंजी टाका.