थंडीची रात्र आणि बंद खोली

मंडळी, वऱ्हाडच्या माणसाला थंडीपासून जपायला सांगितले तर तो आधी हसेल. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. उन्हाशी कसे वागावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पौषात आभाळ निरभ्र झाले आणि उत्तरेचा वारा सुटला की हीच जमीन एका रात्रीत गारठते. ढगांची गोधडी वर नसते, म्हणून दिवसभराची ऊब रातोरात निघून जाते. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. चिखलदरा तर साडेतीन हजार फुटांहून उंच; तिथल्या थंडीचे काय सांगावे!

आपली घरे मात्र उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. चार-आठ कडक रात्रींसाठी वेगळी सोय कोण करतो? मग निखाऱ्यांची शेगडी घरात येते, आणि दार लावून घेतले जाते. आज बोलायचे आहे ते या शेगडीविषयी.

बाळंतिणीच्या खोलीत तर ती हटकून असते. बाजेखाली शेक, ओव्या-वावडिंगाची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीतही चिंध्या कोंबलेल्या. एखादी आजी म्हणेल, "बापा, माह्या सहा बाळंतपणाले शेगडी होती, काही झालं नाही." आजींचे म्हणणे खोटे नाही. पण आजी, तुमचे घर कवेलूचे होते ना? कुडाच्या भिंतीला फटी होत्या, कवेलूंतून हवा खेळत होती. आज वर स्लॅब आहे, पल्ले घट्ट बसणारे आहेत. घर बदलले, शेगडी तीच राहिली. घोटाळा आहे तो इथे.

कोळसा कोंडलेल्या हवेत धुमसतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे द्रव्य आहे, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. धूर गेला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असे आपण समजतो. पण धूर निदान डोळ्यांत पाणी आणतो, माणसाला उठवतो. हा वायू झोपवतो. डोके जड होते, मळमळते, गरगरते, आणि माणसाला वाटते, थंडीमुळेच असेल. एकाच घरात दोघातिघांना एकदम असे होऊ लागले तर शंका घेत बसू नका. दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना अंगणात आणा, १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

गुरुजी, वर्गात आपण जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवून ती विझते हे दाखवता. प्रयोग चांगला आहे. मात्र त्याला एक वाक्य जोडा. खोलीत दिवा जळतो आहे म्हणजे हवा निर्धोक आहे, असे नाही. हा वायू दिवा विझण्याच्या कितीतरी आधी माणसाला गाठतो. मुले हे घरी जाऊन सांगतील, आणि आपल्या भाषणापेक्षा त्यांचे अधिक ऐकले जाईल.

मग ऊब आणायची कुठून? खोली शेकून घ्यायचीच असेल तर माणसे जागी असताना, खिडकी उघडी ठेवून. आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर. टिनाच्या छताखाली जुनी सतरंजी ताणून बांधली तरी फरक पडतो. खालून गार लागते ते वेगळेच, म्हणून वर दोन गोधड्या घेण्यापेक्षा एक खाली घ्या. तान्ह्या बाळाला टोपडे-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरावे; बाळाचे तोंड मात्र झाकू नये. काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉक्टरांनी ही रीत सुरू केली. आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती शिकवतात. बाळाची पहिली अंघोळ चोवीस तास लांबवावी.

आता शेतातले. हरभऱ्याला-गव्हाला पाणी द्यायला रात्री विजेची पाळी आली की ओल्या पायांनी, ओल्या धोतराने पहाट होते. कोरडे कपडे पिशवीत न्यावे आणि भिजलेले लगेच बदलावे. घोटभर दारूने ऊब येते म्हणतात, ती फसवी. कातडीकडे रक्त धावते आणि अंगातली ऊब बाहेर जाते. जागलीला एकट्याने जाऊ नये. शेकोटी पेटवाल ती कुटाराच्या ढिगापासून आणि पऱ्हाट्यांच्या कुंपणापासून दूर, आणि उठताना तिच्यावर पाणी ओतून.

गोठ्याला गोणपाट बांधायचे ते वाऱ्याच्या बाजूने. चारही बाजू बंद केल्या तर आत ओल कोंडते आणि बैल खोकू लागतात.