अरेबिका, रोबस्टा आणि कुलीनतेचा प्रश्न



मुंबईत माटुंग्याच्या बाजारात, जेथे दाक्षिणात्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांदेखत कॉफी दळून घेत आली आहेत, तेथे ‘प्लांटेशन ए’, ‘पीबेरी’, ‘रोबस्टा चेरी’ अशी नावे आणि त्यांचे निरनिराळे भाव गिऱ्हाइकाच्या कानी पडतात. आणि चहाच्या अंमलाखाली वाढलेला आपला मराठी माणूस, सर्वांत महाग ते सर्वांत उत्तम असा सोयीस्कर निवाडा करून, पाव किलोची पुडी बांधून घेतो. हा निवाडा अगदीच निराधार नाही. परंतु झाडाची जात, फळावरील प्रक्रिया आणि दाण्याचा आकार या तीन गोष्टी त्या नावांत अशा मिसळून गेल्या आहेत, की त्यांची फोड केल्यावाचून भावाचा अर्थ उलगडत नाही.

प्रथम जात. कॉफीच्या वनस्पती शंभराहून अधिक प्रकारच्या असल्या, तरी जगाचा जवळजवळ सगळा व्यापार दोहोंवर चालतो. अरेबिका ही मूळची इथिओपियाच्या डोंगरी अरण्यांतली. तिचे बी येमेनमार्गे आपल्याकडे आले, आणि बाबा बुदन नावाच्या सूफी सत्पुरुषाने सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना सात दाणे लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात पेरले, अशी आख्यायिका आहे. दाण्यांची मोजदाद कोणी केली होती हे विचारू नये. डोंगराला मात्र बाबा बुदनचेच नाव आहे. या झाडाची मिजास मोठी. त्याला हजार मीटरच्या आसपासची किंवा त्याहून अधिक उंची हवी, थंडावा हवा, वर मोठ्या वृक्षांची सावली हवी. आणि इतके लाड पुरवूनही खोड पोखरणारा भुंगेरा केव्हा घात करील याचा भरवसा नाही. रोबस्टा ही आफ्रिकेच्या उष्ण, सखल वनांतली. ती कमी उंचीवर, दमट हवेत, भरघोस फळते आणि रोगराईला सहसा दाद देत नाही.

दोहोंचे कच्चे दाणे तळहातावर घेऊन पाहावेत. अरेबिकाचा दाणा लांबट व चपटा असून त्याच्या पोटावरील चीर नागमोडी वळलेली असते; रोबस्टाचा दाणा बुटका, गोलसर, आणि त्याची चीर बहुधा सरळ. चवीतला भेद याहूनही स्पष्ट आहे. अरेबिकात शर्करा व तैलांश अधिक, म्हणून तिच्यात सुगंध, किंचित फळासारखी आंबट झाक आणि मार्दव. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट, म्हणून कडूपणा, उग्रता आणि घट्टपणा. हे कॅफीन झाडाने आपल्या तरतरीसाठी साठविलेले नाही. किडीला दूर ठेवण्याचा तो त्याचा बंदोबस्त आहे, आणि किडींचा सुळसुळाट असलेल्या सखल मुलखात तो उपयोगी पडतो.

रोबस्टाला प्रतिष्ठा मिळाली ती एका संकटामुळे. १८६९ साली सिलोनच्या मळ्यांत पानांवर नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. हा तांबेरा पुढील काही वर्षांत असा फैलावला, की कॉफीवर गबर झालेले ते बेट अखेर चहाकडे वळले. भारतातील आणि जावातील अरेबिकालाही त्याची झळ पोहोचली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जावात रोबस्टाची लागवड सुरू झाली ती याच कारणाने. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत दोनतृतीयांशांहून अधिक वाटा रोबस्टाचा आहे. महाराष्ट्रात या पिकाचे नाव घ्यायचे तर मेळघाटातील चिखलदऱ्याचे घ्यावे लागते, आणि तेथील उंचीला साजेशी कॉफी अरेबिकाच.

एवढ्यावरून एकीला कुलीन आणि दुसरीला कमअस्सल ठरविण्याचा मोह होतो, आणि व्यापाऱ्यांनी तो मनसोक्त पुरविला आहे. परंतु वनस्पतिशास्त्राने या कुलाभिमानाची पंचाईत करून ठेवली आहे. अरेबिकाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, रोबस्टाच्या पेशीत २२. आणि फार पूर्वी रोबस्टा व युजेनिऑइडिस नावाची दुसरी एक रानटी जात यांच्या नैसर्गिक संकरातून अरेबिका जन्माला आली, हे आता सिद्ध झाले आहे. जिला आपण हिणवतो ती तिच्या जन्मदात्यांपैकी एक! आपल्या मळेवाल्यांची आवडती ‘एस. ७९५’ ही अरेबिका घ्या, तर तिच्या वंशावळीत लिबेरिका या तिसऱ्याच जातीचे रक्त आहे.

आता प्रक्रिया. पिकलेले लाल फळ तसेच उन्हात वाळवून मग सोलले, की तयार होते ती ‘चेरी’. फळाचा गर यंत्राने काढून, दाणे आंबवून, धुऊन, वरच्या पातळ टरफलासह वाळविले, तर अरेबिकाला आपल्याकडे ‘प्लांटेशन’ आणि रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. धुतलेल्या दाण्याची चव स्वच्छ असते. आणि नीट धुतलेला रोबस्टा हलगर्जीपणाने वाळविलेल्या अरेबिकाहून कितीतरी सरस लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ए’ हे अक्षर केवळ चाळणीचे आहे. मोठ्या भोकांच्या चाळणीवर जो राहिला तो ‘ए’. आणि पीबेरी ही जातच नव्हे. फळात दोन दाण्यांऐवजी एकच वाढला, की तो वाटाण्यासारखा गोल होतो. गोल असल्यामुळे तो सारखा भाजला जातो, इतकाच त्याचा लौकिक.

म्हणून दूध घालून पिणाऱ्याने निव्वळ अरेबिकाचा आग्रह धरू नये. दुधात तिचा नाजूक सुगंध लोपतो, आणि तेथे थोडा रोबस्टाच कामाला येतो. बिनदुधाची पिणाऱ्याने मात्र ‘प्लांटेशन’ला पैसे मोजावेत. आणखी एक तपशील पाहून घ्यावा, तो चिकोरीचा. ती कॉफी नव्हे, एका झाडाचे भाजलेले मूळ आहे; मिश्रणात तिचे प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत असण्यास कायद्याची मुभा आहे, आणि हे प्रमाण पाकिटावर छापणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पुढच्या खरेदीत ‘ए’ हे अक्षर शोधण्याआधी तो आकडा वाचावा.